तारीखमास्तरांचं शेवटचं काम

"या वेळी तारीख मिळणार नाही," तारीखमास्तरांनी वकिलाला ठणकावलं. "अशील आजारी असो, नाहीतर तुम्ही!"

वकील बघतच राहिला. मागेल त्याला तारीख देणारा कोर्टाचा कारकून म्हणून तर त्यांचं नाव तारीखमास्तर पडलं होतं. पण मास्तर महिन्याभरात निवृत्त होणार होते आणि त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली होती. जायच्या आधी, वर्षानुवर्षं कोर्टात खेटे घालणाऱ्या आजींचा दावा निकाली काढायचाच.

दावा एकोणीस वर्षांचा. आजींचे यजमान घर मुलाच्या नावावर करून गेले. दिरानं अर्ध्या हिश्श्यासाठी दावा लावला आणि निकाल लागेपर्यंत घर विकायला मनाई आणली. मुलगा परगावी, त्यामुळे तारखेला यायच्या त्या आजीच.

मास्तरांना सगळं आठवत होतं. आजी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांचे निम्मे केस काळे होते, मास्तरांचे तर सगळेच. काय दिवस होते ते! एक न्यायाधीश बदलून गेले, दुसरे आले तोवर साक्षीदार वारला. घराचा नकाशा गहाळ झाला. एकदा सगळे वेळेवर हजर, तर वीज गेली. आणि यातलं काहीच झालं नाही, की दिराचा वकील उठायचा, "मुदत मिळावी."

आजी कधी चिडल्या नाहीत. "असू द्या हो," म्हणायच्या आणि व्हरांड्यातल्या बाकावर विणत बसायच्या. मास्तरांच्या मुलीचा शाळेचा स्वेटर त्याच बाकावर झाला, परवा नातीचं टोपडंही. दीर बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायचा. वर आजींच्याच डब्यातलं खायचा! मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. निर्लज्ज मेला!

"मला त्याच घरात डोळे मिटायचेत, बाकी काही नको," आजी एकदा म्हणाल्या होत्या. मास्तरांच्या मनातून ते जाता जाईना. उद्या आपल्या खुर्चीवर नवा माणूस येणार, त्याला आजींचं काय पडलंय?

कोर्टात दावा कायद्यानं कमी आणि गठ्ठ्यातल्या जागेनं जास्त चालतो, हे मास्तरांइतकं कुणाला ठाऊक? तळाची फाईल दुपारपर्यंत निघत नाही आणि दुपारनंतर मिळते ती फक्त तारीख. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक फाईल मुद्दाम सगळ्यात वर ठेवली. साक्षी कधीच संपल्या होत्या, युक्तिवाद तेवढा राहिला होता. तो दोन दिवसांत उरकला.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी निकाल लागला. दावा फेटाळला, मनाई उठली. घर पूर्णपणे मुलाचं.

मास्तर लगबगीनं व्हरांड्यात आले. छाती अभिमानानं भरून आली होती. मुलगा पहिल्यांदाच कोर्टात आला होता आणि जिन्याशी फोनवर बोलत होता. आजी बाकावर होत्या. दीर आज अगदी त्यांच्या शेजारी बसला होता.

"आजी, जिंकलात! यापुढं तारीख नाही, खेटे नाहीत. फाईल मीच वर काढली, बरं का!"

आजींनी मान वर केली. डोळे भरले होते. आनंदानं माणूस रडतंच की, मास्तरांना वाटलं.

"तुम्ही भल्यासाठीच केलंत, मास्तर," आजी म्हणाल्या.

जिन्याकडून मुलाचा आवाज आला. "हो, मनाई उठली. महिनाअखेर घर रिकामं करून देतो. आई? तिची सोय बघतोय कुठंतरी."

दिरानं आजींपुढं हात जोडले.

"वहिनी, माफ करा. दावा लावून घर वाचवा म्हणून तुम्ही पदर पसरलात, मी तो दावा एकोणीस वर्षं ओढला. याहून जास्त नाही जमलं मला."