नुसती काकडी

“नाव?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“घाई,” माई म्हणाल्या.

“घाई सगळ्यांनाच असते हो. कासवाचं नाव सांगा.”

“तेच नाव आहे त्याचं. लेकीनं ठेवलंय.”

डॉक्टरीणबाई हसल्या. पण टेबलावरच्या कासवाकडे नजर गेली आणि हसू मावळलं. घाईचे दोन्ही डोळे सुजून टम्म झाले होते. पापण्या चिकटून बसल्या होत्या. ज्या कासवाला दिसत नाही ते खात नाही, बाई म्हणाल्या. डोळे उघडले नाहीत तर हा उपाशीच जाईल.

माईंनी घाईच्या पाठीवर हात ठेवला. घाई त्यांचा नव्हताच. लेकीनं तो शाळेच्या दप्तरातून घरी आणला, तेव्हा तो बिस्किटाएवढा होता. “हे ध्यान सांभाळायचं कुणी?” म्हणत माईंनी घर डोक्यावर घेतलं होतं. सांभाळला तो लेकीनंच. पुढे ती नोकरीला लागली, तरी सकाळी आधी त्याची बशी, मग स्वतःचा चहा. आता तिची ही ठेव माईंच्या हाती होती, आणि ठेव जशीच्या तशी परत करायची असते.

“खायला काय देता?”

“काकडी.”

“आणि?”

“काकडीच. रोज ताजी. साल काढून, बारीक चिरून.”

“अहो, काकडी म्हणजे नुसतं पाणी! पोटात अ जीवनसत्त्व नाही, म्हणून ही डोळ्यांची दशा. लाल भोपळा द्या, गाजर द्या, हिरवा पाला द्या. नुसती काकडी द्यायला सांगितलं कुणी?”

“लेकीनं.”

“मग तिला फोन करून चांगलं खडसवा माझ्या वतीनं.”

माईंचे यजमान भिंतीकडे बघत खाकरले. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. सगळी गल्ली त्यांना घड्याळजी म्हणायची. “तुम्ही औषध द्या, बाई,” ते हळूच म्हणाले.

बाईंनी इंजेक्शन दिलं, थेंब लिहून दिले. घरी आल्यावर घड्याळजींनी कामाचं भिंग डोळ्याला लावलं, कोमट पाण्यात कापूस बुडवला आणि पापण्या पुसायला घेतल्या. केसाएवढे स्क्रू बसवलेले ते हात. थेंब अचूक पडत होते. “हलू नका, महाराज,” ते घाईला दटावत. “तुमच्याहून भित्री गिऱ्हाइकं पाहिलीत मी.”

चार दिवसांनी उजवी पापणी दोऱ्याएवढी उघडली. आत काळाभोर डोळा ओलसर चमकला. घड्याळजी पिशवी घेऊन तसेच बाजारात पळाले आणि लाल भोपळ्याची फोड घेऊन आले. येऊन बघतात तर माईंनी बशी वाढलेली. बशीत काकडी.

“अगं, बाई काय म्हणाल्या ते ऐकलंस ना?”

“ऐकलं. भोपळा नको. तिनं मला काय सांगितलंय ते मला ठाऊक आहे.”

“आंधळा होईल तो.”

“तिचा जीव आहे त्याच्यात. तिच्या शब्दाबाहेर मी जायची नाही. आजवर गेले नाही.”

घड्याळजींनी भिंग काढून टेबलावर ठेवलं. एरवी ते अशा वेळी उठून बाहेर जात. आज खुर्ची ओढून माईंच्या समोर बसले.

“काय सांगितलं होतं तिनं? सगळं सांग. अर्धं नको.”

माईंनी पदराच्या टोकानं बशीची कड पुसली. पुसलेलीच पुन्हा पुसली. इतक्या दिवसांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

“रिक्षात बसताना म्हणाली, ऑपरेशन अगदी किरकोळ आहे, दोन दिवसांत घरी येते. तुला त्याचं सगळं जमायचं नाही, आई. मी येईपर्यंत...”

पुढचे शब्द त्यांना रोज पाठ असायचे. आज ते ओठांशी येऊन थांबले. घाईनं किलकिल्या डोळ्यानं मान वर केली होती. तो बशी शोधत होता.

माईंनी बशी उचलून बाजूला ठेवली. मग सुरी घेतली आणि नवऱ्यापुढे हात पसरला.

“द्या तो भोपळा,” त्या म्हणाल्या. “ती काही आता यायची नाही.”