सोडायची खूण

खारी कुत्रीने चष्म्याची डबी तोंडात धरून अख्खा हॉल ओलांडला आणि अण्णांच्या हातापाशी येताच ती खाली टाकली. सकाळपासून सहाव्यांदा.

केतकीला काही कळेना. वडिलांना आता वाकता येत नाही, म्हणून तिने रिट्रीव्हर जातीच्या या पिल्लाला वस्तू आणून नीट धरून ठेवायला शिकवलं होतं. केतकीच्या हातात खारी तीच डबी बरोब्बर देत होती.

"तिला मी आवडत नसेन," म्हणत अण्णांनी कापरा हात शालीखाली घेतला.

केतकीने पुन्हा करून पाहिलं. डबीखाली हात धरला, बोटं हलवली, खारीने डबी सोडली. केतकी थबकली. बोटं हलली की सोडायचं, ही खूण तिनेच शिकवली होती. अण्णांची बोटं तर दिवसभर हलत असतात.

दुपारी अण्णा आडवे झाल्यावर ती खारीसमोर बसली आणि त्यांच्यासारखा हात थरथरवत "धर, धर" म्हणत राहिली. मान वळवली तर दारात अण्णा. तिने हात झटकन मागे घेतला.

"अंगठा राहिला," अण्णा म्हणाले. "आधी तो हलतो." आणि शालीतून हात काढून त्यांनी तिला दाखवला.