पिनबॉलचं उद्घाटन

बरखेड्याच्या कारखान्याच्या क्लबात एका इंग्रजी सिनेमाचं जुनं पिनबॉल मशीन आलं होतं: खटक्याने गोळी वर उडवायची, ती घरंगळत खाली आली की पुन्हा टोलवायची. काचेवर सिनेमातला अंतराळवीर, खटका ओढला की त्याचाच आवाज! जनरल मॅनेजर साहेब उद्घाटनाला निघालेसुद्धा, आणि कारखान्यात टर्बाइन बसवण्यात हयात गेलेल्या गजाननरावांना दिसलं, मशीन चक्क पुढे कललंय! साहेबांची गाडी दारात येईस्तोवर त्यांनी मागचे पाय आखूड करून, सपाटी मोजायच्या स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा मधोमध आणला.

साहेबांनी खटका ओढला. दिवे लखलखले, अंतराळवीर गरजला, गोळी उसळली आणि मधेच थांबली.

"ये नीचे क्यों नहीं आ रही?" साहेब खेकसले.



गजाननरावांची छाती फुगली. "आएगी कैसे, साहब? लेवल मैंने किया है!"