सागवानी पलंग

नेवाशात आम्ही भाड्याने घेतलेल्या खोलीत घरमालक बन्सीकाकांचा जुना सागवानी पलंग होता. आठवड्याभरात माझ्या पोरीची पाठ ढेकणांनी चावून चावून लाल केली.

"काका, एकदा औषध मारून द्या की."

"ढेकूण भाडेकरूच्या सामानातनं येत्यात. तुमचे हायेत, तुमीच बघा."

"मग निदान हा पलंग बाहेर काढा."

"पलंग माझा हाय. त्याला हात लावायचा न्हाई!"

औषध मारून मारून माझे हात सोलले, ढेकूण काही हटले नाहीत. मग धोंड्याचा महिना आला. नवा जावई मुक्कामी येणार, म्हणून काका दोन गडी घेऊन पलंग न्यायला आले.

"अहो काका, त्यात ढेकूण..."

"पलंग माझा हाय!" म्हणत त्यांनी तो वर आपल्या घरी नेलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काका तणतणत माझ्या दारात. "तुमच्या ढेकणांनी आमच्या जावयाला रातभर डोळा लागू दिला न्हाई! आधी वर येऊन औषध मारा!"

 

"ढेकूण आमचे, कबूल. पण काका, पलंग तुमचा अन् जावईबी तुमचाच. आता तुमीच बघा."