गोडपट्टी

जुईने सलग तिसरा पेपर कोरा दिला, तेव्हा सातपुते बाई म्हणाल्या, "वा जुई, किती स्वच्छ पेपर!"

अख्खी आठवी खिदळली. बाईंचे ओठ खरं तर भलतंच काहीतरी बोलत होते, पण गळ्यावरची गोडपट्टी त्यांचा प्रत्येक शब्द गोड करूनच बाहेर सोडायची. सगळ्या शाळांत ती सक्तीची होती. पट्टी काढली की नोकरी गेलीच!

"बाई, ओरडा ना मला!" जुई किंचाळली. "निदान विचारा तरी, काय झालंय म्हणून!"

"तू आमची लाडकी आहेस," पट्टी म्हणाली.

"आई आठ दिवस झाले घरी आलेली नाही, बाई. फोनपण लागत नाही."

बाईंचे ओठ भराभर हलले. पट्टी म्हणाली, "अरे वा! किती छान सांगितलंस!"

या वेळी कुणीच हसलं नाही. बाईंनी दोन्ही हातांनी पट्टी ओढून तोडली आणि टेबलावर आपटली. दोन वर्षं कुणीच न ऐकलेला त्यांचा घोगरा आवाज वर्गभर घुमला.

"गधडे, आठ दिवस गप्प बसलीस? मी काय मेले होते?"

जुई धावत जाऊन बाईंना बिलगली आणि हमसून हमसून रडली. किती दिवसांनी कुणीतरी तिच्यावर रागावलं होतं!