अर्ध्या वाटेचं अस्वल

हडसनच्या उपसागराकाठी पांढरी अस्वलं भर गावातून हिंडतात, म्हणून तिथं कुणी गाडीला कुलूप लावत नाही. जीव घेऊन पळणाऱ्याला जी जवळ सापडेल ती गाडी त्याची. अशा गावातल्या शाळेत वेराबाईंनी पोरांना गणिताची कविता करून दिली:

अस्वल चाललं अर्धी वाट,
उरलेल्याची अर्धी वाट,
पुन्हा तिचीही अर्धी वाट,
पोचता पोचेना, सरेना वाट!

पोरं जाम खूश. शाळा सुटली आणि बाई बघतात तर काय, रस्त्यात खरंखुरं अस्वल, आणि त्याच्यासमोर आठ वर्षांची नोला खांबासारखी उभी, तीच कविता पुटपुटत.

"नोला, अगं गाडीत शिर!"

पोर हलेना. अस्वलानं तर कविता पाठ असल्यासारखं अर्धं अंतर कापलं आणि थांबलं. मग उरलेल्याचं अर्धं. बाईंना वाटलं, पोरीनं माझ्या चार ओळी खऱ्या मानल्या, आता त्याच तिचा जीव घेणार! त्यांनी धाव घेतली, तिला उचललं, शेजारच्या कुणाच्या तरी गाडीत कोंबलं आणि आपणही शिरून दार ओढून घेतलं. अस्वलाचं नाक काचेला येऊन टेकलं.

"वेडाबाई, ती नुसती कविता होती! खरं अस्वल पोचतं!" बाई ओरडल्या.

 

"ठाऊक आहे हो बाई," नोला म्हणाली, "पण भीतीनं पायच उचलेनात, मग दुसरं काय म्हणू?"