मडक्यातलं बी

“माझ्या सासूचं बी आहे हे. वाणाला तिचंच नाव लावा,” असं बजावून म्हातारीने तीन महिन्यांपूर्वी कीड लागू नये म्हणून राखेत ठेवलेल्या बियांच्या मडक्यातली ओंजळभर ज्वारी आमच्या प्रयोगशाळेला दिली होती. आज मी अहवाल घेऊन तिच्या ओसरीवर बसलो होतो. सुनेने चहा आणून दिला होता.

“आजी, तुमच्या बियांची वीस रोपं वाढवली. प्रत्येकाच्या पानातून डीएनए काढून चोवीस खुणा तपासल्या. सगळ्या खुणा दुकानात मिळणाऱ्या सरकारी वाणाशी जुळतात. हे जुनं वाण नाही.”

“मशीन चुकलं असंल,” म्हातारी चटकन म्हणाली.

सून उंबऱ्यातून पुढे आली. “मशीन नाही चुकलं, आत्या. त्या दुष्काळात तुम्ही लेकीकडं गेला होता. घरात दाणा नव्हता, पोरं दोन दिवस उपाशी होती. मी मडक्यातलं बी दळलं. पेरणीच्या आधी दुकानातलं आणून भरून ठेवलं.”

म्हातारीने तिच्याकडे पाहिलंही नाही. “ठाऊक आहे मला. लेकीकडनं आले त्या दिवशी तू वाढलेली भाकर मी पण खाल्ली. ती चव मी ओळखणार नाही होय?”

“अहो, मग तपासायला कशाला दिलंत?” मी जरा चिडूनच विचारलं.

तिने मडकं जवळ ओढलं आणि आत कोपरापर्यंत हात घातला.

“वाटलं, तळाला चार दाणे राहिले असतील.”